गरम झाली की धापा टाकणारी गाडी

डिसेंबरातला रविवार. औशाकडच्या शेतावरून आम्ही नुकतेच लातूरला घरी पोचलो होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी अंगणात घेतली, थोडी तिरकी लागली म्हणून सरळ करायला गिअर ‘आर’वर (रिव्हर्सवर) टाकला, आणि गाडी धडकन उसळी मारून मागं गेली. मागच्या बंपरनं तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा उडाला. सतरा वर्षं तीच गाडी, तेच अंगण, तोच कट्टा. आजवर कशाला साधा ओरखडा आला नव्हता.

अण्णांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. मी दार उघडलं तर म्हणाले, “आता गाडी सोडावी वाटायलीय माय. पाय ऐकंना माझा.”

ते वाक्य मला रात्रभर झोपू देईना. अण्णांच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ आहे. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि ती सगळी बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवर. २००७ साली त्यांनी पुण्याहून एक वापरलेली सेडान आणली. २००१ चं मॉडेल, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक. क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला काम नाही. लातुरात तेव्हा ऑटोमॅटिक गाडी दाखवायला सुद्धा मिळत नव्हती. ती गाडी आली आणि अण्णा वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा पावसात न भिजता कामावर गेले. त्यामुळं ‘सोडावी वाटायलीय’ हे त्यांच्या तोंडून ऐकणं सोपं नव्हतं.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गाड्यांची कामं मला येत नाहीत, पण काटा का हलतो हे शोधायची सवय आहे. पुढच्या सहा आठवड्यांत जे केलं ते क्रमानं लिहून ठेवते. आपल्या भागात जुनी ऑटोमॅटिक सांभाळणारे मोजके लोक आहेत आणि त्यांना कुणी सांगणारं नसतं.

दुखणं असं होतं. गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना रेस आपोआप वरखाली व्हायची. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा ९०० वरून चढत चढत १६०० पर्यंत जायचा, तिथून एकदम खाली यायचा, परत चढायचा. आवाज अगदी जिना चढून आलेल्या माणसाच्या श्वासासारखा. दसऱ्याच्या सुमारास अण्णा पहिल्यांदा म्हणाले होते, “गाडी धापा टाकायलीय.” तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कट्टा फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी नेली. त्यांनी ‘एन’मधून (न्यूट्रल) ‘डी’त (ड्राइव्ह, पुढं जायचा) गिअर टाकून पाहिला, गाडीला हिसका बसला, आणि पाच मिनिटांत निकाल दिला: गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल, पुण्याला पाठवावा लागेल, पंच्याऐंशी हजार. गाडी विकली तर तेवढे येणार नाहीत, असंही वर सांगितलं. बोनेट उघडून कुणी हातसुद्धा लावला नाही. ऑटोमॅटिक म्हटलं की आधी गिअरबॉक्सवर संशय, हे मी नंतर अजून दोन ठिकाणी ऐकलं.

घरी आल्यावर मी एक वही केली. प्रयोगवहीत करतो तसे रकाने आखले: इंजिन सुरू करून किती मिनिटं झाली, तापमानाचा काटा कुठं, गिअर कुठला, एसी चालू की बंद, आरपीएम किती ते किती. मोबाइल डॅशबोर्डसमोर टेकवून काट्याचं चित्रण केलं आणि मग सावकाश बघून मोजलं. मिनिटाला अठरा ते वीस झोके. इतका नियमित झोका असतो तेव्हा मला वाटतं, काहीतरी एकमेकांशी भांडतंय: एक जण ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय. सुटलेली वायर किंवा खराब प्लग असता तर इंजिन कसंही अडखळलं असतं, असं तालात हललं नसतं.

वहीत दोन गोष्टी चार दिवसांत स्पष्ट दिसायला लागल्या. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की रेस चौदाशेच्या आसपास स्थिर. अजिबात हलायची नाही. सात-आठ मिनिटं झाली, तापमानाचा काटा मधे आला, की झोके सुरू. म्हणजे दुखणं फक्त गरम इंजिनाचं. दुसरी गोष्ट गिअरची. ‘पी’ (पार्किंग) आणि ‘एन’मध्ये झोके जोरात. ब्रेक दाबून ‘डी’त टाकलं की झोके जवळजवळ थांबायचे, पण गाडी पुढं जायला इतकी ओढ घ्यायची की ब्रेक नेहमीपेक्षा जास्त दाबून धरावा लागायचा.

इथं ऑटोमॅटिकची रचना थोडी सांगायला हवी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. आत तेल. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांसारखं त्याचं काम. एक पंखा इंजिन फिरवतं, त्यानं फेकलेल्या तेलानं दुसरा फिरतो. इंजिन सावकाश फिरत असलं की तेलाचा जोर कमी, म्हणून ‘डी’त ब्रेकवर गाडी उभी राहू शकते. इंजिन जोरात फिरलं की तेलाचा जोर वाढतो. आता विचार करा, काटा १६०० वर असताना कुणी ‘आर’ टाकला तर? तेल पूर्ण जोरात आहे, गिअर एकदम पडणार आणि गाडी उसळणार. ७५० ला तोच गिअर टाकला तर हलकासा ठोका बसतो, बस. अण्णांनी गिअर टाकला तो क्षण काटा वर असतानाचा होता. पाय बरोबर ब्रेकवर होता, नेहमीच्याच जोरानं दाबलेला. मी त्यांना चित्रणात तो चढता काटा दाखवला आणि हे सांगितलं तेव्हा ते फक्त “हं” म्हणाले, पण संध्याकाळी स्वतःहून वही मागून घेतली आणि सगळे आकडे वाचले.

तरी गिअरबॉक्सवरचा संशय पूर्ण झटकायचा होता. त्यासाठी दोन परीक्षा केल्या. पहिली गिअरबॉक्सच्या तेलाची. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन गरम करून, बंद करून लगेच पट्टी बघायला सांगितलंय. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं, तेव्हा आपापली पुस्तिका वाचावी. पट्टीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टेकवलं. नवं तेल लालभडक असतं, आमचं विटकरी झालेलं, पण जळका वास नाही, काळेपणा नाही, बोटांत चोळल्यावर कण लागले नाहीत. पातळी दोन खुणांच्या मधे. दुसरी परीक्षा रस्त्यावर. औसा रोडला सकाळी रस्ता मोकळा असताना साठ-पासष्टच्या वेगानं, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एका जागी धरून गाडी चालवली. त्या वेगाला टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच लागून इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडले जातात. तो क्लच खराब असेल तर नेमक्या याच वेळी आरपीएम थरथरतं. मी डाव्या पायानं ब्रेकला अगदी मागचा दिवा लागेल इतकाच स्पर्श केला. क्लच सुटला, काटा दोनशेनं चढला, पाय काढल्यावर थोड्या वेळानं शांतपणे खाली बसला. बिघडलेला गिअरबॉक्स इतका शहाण्यासारखा वागत नाही. हे करताना मागं गाडी नसावी, आणि डाव्या पायाची सवय नसेल तर करूच नये; जोर जास्त पडतो.

मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला विचारलं. २००१ च्या गाडीला आजच्यासारखं स्कॅनर लावायची सोय नाही. डॅशबोर्डच्या खाली दोन तारांचा एक छोटा निळा सॉकेट आहे. त्यात पेपरक्लिप वाकवून दोन्ही टोकं जोडायची आणि किल्ली चालू करायची. काही बिघाड नोंदला असेल तर ‘चेक इंजिन’चा दिवा उघडझाप करतो, लांब झाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. आम्ही बापलेक टॉर्च बंद करून अंधारात त्या दिव्याकडं बघत बसलो. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. नोंद नाही. म्हणजे सगळे सेन्सर निदान कॉम्प्युटरच्या मते ठीक होते.

जानेवारीत एका सहकाऱ्यानं नांदेड रोडवरच्या एका चाचांचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर आणि एक जुनी जीप. साठीच्या पुढचे, चष्म्याला दोरी. मी सगळी कहाणी सांगायला लागले तर हात वर करून थांबवलं आणि इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले. दोन मिनिटं. मग म्हणाले, “मॅडम, गिअरबॉक्सला कुणाला हात लावू देऊ नका. ये कहाँ से तो बी हवा पीरई.” कुठून तरी जास्तीची हवा पितेय गाडी.

मी वही पुढं केली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली, आणि ‘थंडीत स्थिर, गरम झाल्यावर झोके’ या ओळीवर ग्रीसचं बोट ठेवलं. वहीवर तो ठसा अजून आहे. “हे लिहिलं ते लै चांगलं केलंव.”

आधी त्यांनी रबरी नळ्या बघितल्या. हवेची गळती जुन्या गाडीत बहुतेक वेळा तिथंच असते, कारण आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होऊन चिरतं. ब्रेकच्या बूस्टरकडं जाणारी जाड नळी पकडीला चिंधी गुंडाळून दाबली. फरक नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या सांध्यांवर बाटलीतून पाण्याचा फवारा मारला; गळती असती तर पाण्यानं ती क्षणभर बुजून रेस बदलली असती. फरक नाही. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. गरम इंजिनावर ते कधीही करू नये, भडका उडतो. चाचांच्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे, ती त्यांनी मला मुद्दाम दाखवली.

मग त्यांनी एअर फिल्टरकडून येणारी मोठी नळी काढली. आमच्या इंजिनात आत जाणारी हवा नळीत मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ताडतात, म्हणून नळी काढली तरी इंजिन चालू राहतं. समोर थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की हवेला वाट करून देणाऱ्या भागाचं तोंड आलं, चहाच्या पेल्याएवढं. आत पितळी रंगाची चकती पूर्ण मिटलेली. आणि चकतीच्या अलीकडं, त्या तोंडाच्या भिंतीत दोन भोकं: एक वरच्या बाजूला, एक तळाशी. “कान लावा,” चाचा म्हणाले. मी ओढणी मागं गाठ मारून बांधली, पट्ट्यापासून लांब राहून वाकले. तळाच्या भोकातून सुस्कारा येत होता, सुईतून हवा ओढावी तसा.

“बोट ठेवा त्याच्यावर.”

मी तर्जनी ठेवली. भोकानं बोट ओढून घेतलं, जळू चिकटावी तसं. आणि इंजिनाचा आवाज उतरत उतरत एका जागी येऊन बसला. अण्णा आत ड्रायव्हरच्या जागी होते, त्यांना मी काट्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. काचेतून त्यांचा आवाज आला, “थांबला की गं! साडेसातशेवर थांबला!” मी बोट काढलं, धापा सुरू. ठेवलं, बंद. असं आम्ही सहा-सात वेळा केलं. एवढी गरज नव्हती, पण मला बोट काढवेना. तीन महिने ज्या आवाजानं घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लावला तो माझ्या एका बोटाखाली दबत होता.

ते तळाचं भोक कशाचं? सकाळी इंजिन गार असतं तेव्हा त्याला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल लागतं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडीखाली एक छोटी झडप असते, तिच्यात मेणाची गोळी. गार असताना मेण आकसलेलं, झडप उघडी, जास्तीची हवा आत, रेस वाढलेली. इंजिनातलं गरम पाणी एका बारीक नळीतून या झडपेभोवती फिरवलेलं असतं. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दट्ट्या पुढं ढकलतं, भोक बंद. वीज नाही, वायर नाही. म्हणूनच कॉम्प्युटरला या झडपेबद्दल काहीच कळत नाही आणि दिवा लागत नाही.

आमची झडप गरम इंजिनातही उघडीच राहत होती. आणि भांडण कुणाचं चाललं होतं तेही आता उलगडलं. उघड्या झडपेतून हवा येते, रेस चढते. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, इंजिन गरम आहे आणि आरपीएम तर पंधराशेच्या वर, हे बघून कॉम्प्युटरला वाटतं गाडी उतारावरून घरंगळतेय, पेट्रोलची गरज नाही. तो पेट्रोल तोडतो. रेस पडते. पडली की इंजिन बंद होऊ नये म्हणून पेट्रोल परत सोडतो. हवा तर येतच असते, रेस परत चढते. मिनिटाला अठरा ते वीस वेळा. गार इंजिनात कॉम्प्युटर जास्त रेस गृहीतच धरतो, म्हणून सकाळी भांडण नाही. आणि ‘डी’त टाकलं की कन्व्हर्टरचं ओझं रेसला पंधराशेपर्यंत जाऊच देत नाही, म्हणून तिथंही नाही, फक्त ओढ जास्त. वहीतला प्रत्येक रकाना जागेवर बसला. वर्गात एखादं गणित सुटल्यावर मुलांचे चेहरे जसे होतात तसा माझा झाला असावा.

पण झडप उघडी का? मेण गेलं असेल असं मला वाटलं. चाचांनी इंजिन बंद केलं, रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग थ्रॉटल बॉडीकडं जाणारी करंगळीएवढी नळी माझ्या हातात दिली. गार. बाहेरच्या हवेइतकी गार. झडपेपर्यंत गरम पाणी पोचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना ते कधीच उघडू नये, दाबाखालचं पाणी तोंडावर उडतं. आत बोट घातलं तर पाणी लागेना. मोजून सव्वा लिटर ओतावं लागलं. अण्णांचा विश्वास बसेना, कारण ते दर रविवारी टॉर्च घेऊन पाण्याची प्लॅस्टिकची टाकी बघायचे आणि ती काठोकाठ भरलेली असायची. घोटाळा झाकणात होता. इंजिन तापलं की पाणी फुगतं, झाकणातली एक झडप ते टाकीत सोडते. गार झालं की दुसरी झडप ते टाकीतून परत ओढून घेते. आमच्या झाकणाचं रबर लाकडासारखं झालं होतं. पाणी टाकीत जायचं, परत येताना त्याऐवजी झाकणाच्या कडेनं हवा आत यायची. टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा. वरच्या भागात हवा साठली आणि ती बारीक नळी नेमकी सगळ्यात वर. उन्हाळा असता तर इंजिन तापून बोंब झाली असती. डिसेंबरात तापमानाचा काटा गुपचूप मधे राहिला.

हवा अडकल्याची एक खूण आम्हाला आधीच दिसली असती. गाडीतला हीटर लावला की गार वारं येतं, कारण हीटरचंही पाणी वरूनच फिरतं. पण लातुरात गाडीचा हीटर कोण लावतं? ती कळ सतरा वर्षांत आम्ही फिरवली नव्हती.

नळी काढली तेव्हा मात्र नुसत्या हवेवर भागलं नाही. आत तोंडाशी पांढरट-पिवळा थर होता, कडक, मधे सुई जाईल एवढीच वाट. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरनं तो टोकरला, तळहातावर घेतला आणि विचारलं, “बोअरचं पाणी घालत होतात काय?”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं ते मलाही नीट माहीत नव्हतं. २०१६ चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. घरात कळशी मोजून पाणी वापरायचो आम्ही. त्याच महिन्यात बार्शी रोडवर गाडीचा पाइप फुटला आणि सगळं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रस्त्यावर सांडलं. पाइप बदलला, पण आत भरायला शेजारच्या बोअरचं पाणी मिळालं. नंतर कमी झालं की तेच. डिक्कीत पाच लिटरचा कॅन असायचा. “प्यायचं पाणी इंजिनात ओतायचं मन होईना,” अण्णा म्हणाले. आयुष्यभर कालव्याच्या पाण्याचा हिशेब ठेवलेला माणूस. त्या वर्षी त्यांनी केलं ते चुकलं असं मला म्हणता येत नाही. पुढं पाऊस आला, नळाला पाणी आलं, सवय मात्र राहिली.

आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून येतं, क्षार सोबत घेऊन. तापवलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. आंघोळीच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तोच थर. इंजिनात पाणी नव्वदच्या आसपास असतं आणि नळी करंगळीएवढी. नऊ वर्षांत बुजली नसती तरच नवल. तो टोकरलेला चुरा मी कागदाच्या पुडीत कॉलेजला नेला. अकरावीच्या मुलांसमोर परीक्षानळीत घालून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. फसफसून आलं. येणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधी झाली. मुलं म्हणाली, मॅडम, हे कुठून आणलं? मी सांगितलं, गाडीतून. पुढचा अर्धा तास कुणी घंटेकडं बघितलं नाही.

झडप तपासायची राहिली होती. चाचांनी ती खोलून माझ्याकडं दिली. घरी एका जुन्या पातेल्यात पाणी घेतलं, प्रयोगशाळेतला तापमापी लावला आणि झडप सांडशीनं धरून त्यात बुडवली. साठला काही नाही. सत्तरच्या पुढं गेल्यावर आतला दट्ट्या केसभर सरकला, मग सावकाश पुढं येत भोक पूर्ण मिटलं. बाहेर काढून गार केली, परत उघडली. चोवीस वर्षांचं मेण अजून काम करत होतं. ते पातेलं नंतर स्वयंपाकाला घेतलं नाही; कुलंट विषारी असतं, चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. जुनं कुलंट उघड्यावर ओतू नये ते त्यासाठीच.

बाकी काम एका दिवसाचं. झडपेचं घर आणि तिच्याकडं जाणारं तोंड सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवून साफ केलं. प्रयोगशाळेतलं आम्ल तिथं चालत नाही, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. बारीक नळ्या नव्या, झाकण नवं, गास्केट नवं. रेडिएटर तीनदा धुतला, पहिल्यांदा चहासारखं पाणी आलं. मग तयार कुलंट. गाडीचं तोंड जॅकवर उचलून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचा बोल्ट ढिला केला. आधी बुडबुडे, मग फेस, मग सलग धार. अण्णा स्टुलावर बसून ती धार बघत होते आणि चाचांच्या आधी तेच म्हणाले, “आता आवळा.”

झाकण २५०, नळ्या २८०, गास्केट २००, कुलंट १,२००, मजुरी ८००. एकूण २,७३०. चाचांना मी मजुरी जास्त द्यायला लागले तर घेतली नाही, वहीची झेरॉक्स मात्र मागून घेतली.

गाडी आता गरम झाल्यावर साडेसातशेला उभी राहते. एसी लावला की थोडी खाली जाऊन परत येते, तेवढंच. ‘आर’ टाकला की सीटला हलका ठोका. तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा अण्णांनी स्वतः सिमेंटनं भरला. डिक्कीतला बोअरचा कॅन गेला, त्या जागी डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या आहेत.

आणि दर रविवारी, शेतावरून आल्यावर, अण्णा गाडी ‘पी’त ठेवून हीटर लावतात. एप्रिल असो, मे असो, बाहेर बेचाळीस असो. काचा खाली करतात, हात जाळीसमोर धरतात, घामानं शर्ट भिजेपर्यंत थांबतात, आणि खिडकीतून मला सांगतात, “येयलंय गरम. वहीत लिही.”